बुजवलेल्या फटीतून वटवाघळे पुन्हा का येतात: बेळगाव-खानापूर भागातील घरांसाठी समस्यानिवारण

बेळगावात शहापूर-वडगावच्या जुन्या गल्ल्यांपासून खानापूर, जांबोटी, नंदगडच्या कौलारू घरांपर्यंत एक तक्रार दर वर्षी ठरावीक काळात ऐकू येते. उन्हाळा तापू लागला की संध्याकाळी माळ्यावर चिवचिव सुरू होते आणि वळचणीखाली बारीक काळ्या लेंड्यांची रेघ पडू लागते. शाकारणीला आलेल्या माणसाकडूनच घरमालक दिसतील त्या फटी सिमेंटने बुजवून घेतो, पाऊस लागला की आठवडाभर घरात कुजका वास भरून राहतो, आणि पुढच्या चैत्रात त्याच भिंतीच्या माथ्यावर, वीतभर बाजूच्या फटीत, वटवाघळे पुन्हा मुक्कामाला आलेली असतात. मग कोणी डांबरगोळ्या टाकतो, कोणी कीटकनाशकाची भुकटी फुंकतो, कोणी ऑनलाइन मागवलेले आवाजाचे यंत्र लावतो, आणि तक्रार होती तिथेच राहते.

माझ्या पाहण्यात बहुतेक घरांत फट बुजवण्याचे काम चांगले झालेले असते, महिना मात्र चुकलेला असतो. मृगाच्या आधी छप्पर नीट करणे भागच असल्यामुळे आपल्याकडे कौले चाळण्याचे आणि शाकारण्याचे काम परंपरेने वैशाख-ज्येष्ठात होते. घरात राहणाऱ्या अनेक जातींच्या माद्या साधारण मार्च ते ऑगस्ट या काळात पिल्लांत गुंतलेल्या असतात. त्या एकत्र जमून, उबदार आणि वारा न लागणाऱ्या जागी, एक किंवा दोन पिल्लांना जन्म देतात. कौलाखालची तापलेली पोकळी त्यांना त्यासाठीच आवडते. पिल्लू जन्मतः उघडे असते आणि काही आठवडे त्याला उडता येत नाही. आई रात्री किडे पकडायला बाहेर पडते तेव्हा पिल्लू आत रिपेला किंवा दगडाला लटकून राहते. या दिवसांत फट बुजली की पिल्ले आत आणि आया बाहेर अशी फारकत होते. आया दोन-तीन रात्री त्याच भिंतीभोवती घिरट्या घालत दुसरी वाट शोधतात, पिल्ले उपासमारीने मरतात, आणि पावसात येणारा वास त्याच मेलेल्या पिल्लांचा असतो. गवंडी दिवसा काम करतो आणि दिवसा वटवाघळे आतच असतात, त्यामुळे काही माद्याही कोंडल्या जातात आणि दाराच्या चौकटीतून, विजेच्या पट्टीमागून किंवा माळ्याच्या फळ्यांमधून खाली खोलीत उतरतात. लोकांना हा वटवाघळांचा हल्ला वाटतो, प्रत्यक्षात ती बाहेर पडण्याची वाट शोधत असतात.

शिवाय वटवाघळांना ठिकाणाची ओढ जबर असते. माद्या वर्षानुवर्षे त्याच पोकळीत पिल्लांसाठी परततात. अंगाने उंदराएवढा असला तरी हा प्राणी उंदराच्या कितीतरी पट अधिक जगतो, म्हणून एकदा ओळखलेले घर त्याला दीर्घकाळ लक्षात राहते. फट एकच बुजवली आणि शेजारची अंगठ्याएवढी फट तशीच राहिली, तर जुन्या वासाच्या मागावर ती पुन्हा आत येतात. तेव्हा या समस्येवर खरा उपाय दोन भागांत करावा लागतो. पहिल्यांदा वटवाघळांना बाहेर पडू द्यायचे आणि परत येऊ द्यायचे नाही, आणि त्यानंतरच फटी बुजवायच्या. हे दोन्ही दिवाळीनंतर करायचे असते.

आधी पाहुणा ओळखा

वळचणीखालची लेंडी उंदराची आहे, पालीची आहे की वटवाघळाची, हे ठरवल्याशिवाय खर्च करू नये. एक लेंडी कागदावर घेऊन काडीने चिरडावी. कीटक खाणाऱ्या वटवाघळाची लेंडी कोरडी, ठिसूळ असते आणि काडी लावताच तिचा भुगा होतो. तो भुगा उजेडात धरला तर त्यात पतंग आणि भुंग्यांच्या पंखांचे, कवचांचे चकाकणारे बारीक तुकडे दिसतात. उंदराची लेंडी सुकल्यावर टणक होते आणि सहज चुरत नाही. पालीच्या विष्ठेच्या टोकाला पांढरा ठिपका असतो. पाकोळ्या हे वळचणीला घरटी करणारे पक्षी आहेत आणि त्यांच्याशी वटवाघळांची गल्लत फार वेळा होते. दिवस मावळताना पाकोळ्या घराकडे परततात आणि जवळपास त्याच वेळी वटवाघळे बाहेर पडतात, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते.

भारतात वटवाघळांच्या सुमारे १३० जाती आहेत. आपल्या कौलांत आणि भिंतींत प्रामुख्याने लहान, कीटकभक्षी जाती राहतात. त्यांत काही ग्रॅम वजनाची पिपिस्ट्रेल वटवाघळे असतात आणि त्यांच्याहून मोठी, पिवळसर पोटाची घरवटवाघळेही असतात. पिपिस्ट्रेलला दीड-दोन सेंटिमीटरची फट पुरते. मंगळुरी कौलांच्या आढ्यावरचा सिमेंटचा माल तडकला, किंवा रीप आणि भिंतीचा माथा यांच्यामधले जुने चुन्याचे भरण गळले, की अशी वाट आपोआप तयार होते. शहरातल्या स्लॅबच्या इमारतीही यातून सुटलेल्या नाहीत. दोन इमारतींमधली जोडफट, एसीच्या नळीसाठी पाडलेले भोक, दुकानाच्या रोलिंग शटरवरची पेटी आणि भिंतीला लागून ठोकलेला फलक, या सगळ्या जागा त्यांना कौलाइतक्याच पसंत पडतात. शटरच्या पेटीत वटवाघळे असतील तर सकाळी शटर झटक्यात वर ओढू नये, आधी दोनदा वाजवून मग हळू उचलावे, नाहीतर रुळाभोवती ती चिरडतात. बिदरकडील भालकी-औरादच्या माळवदाच्या घरांत छपराऐवजी जाड भिंतीतल्या तडा आणि तुळईच्या टोकाजवळची पोकळी आधी तपासावी.

फट शोधण्याची रीत

दिवसा शिडी लावून फट शोधत बसण्यापेक्षा सूर्यास्तापासून पाऊण तास अंगणात उभे राहणे अधिक उपयोगी पडते. दोघांनी घराच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत उभे राहावे, म्हणजे चारही पाखांवर नजर राहते. टॉर्च लावू नये, पाठीमागचे मावळते आकाश पुरेसे असते. वटवाघळे एकेक करून, बहुधा त्याच एक-दोन जागांतून, आधी खाली झेपावून मग वर उडताना दिसतात. जिथून ती निघतात त्या जागी दुसऱ्या दिवशी शिडी लावून पाहिले तर कौलाच्या कडेला किंवा भिंतीच्या रंगावर तेलकट तपकिरी डाग दिसतो. वर्षानुवर्षे अंगे घासून तो पडलेला असतो, आणि चुना लावलेल्या भिंतीवर तो विशेष उठून दिसतो. डागाच्या खाली लेंड्या चिकटलेल्या असतील तर ती मुख्य वाट समजावी. हा डाग खरा पत्ता असतो आणि शाकारणीच्या गडबडीत नेमका तोच पुसला जातो, म्हणून तपकिरी डाग दिसताच त्याचा फोन-फोटो काढून ठेवावा.

पाहणी करताना पिल्ले आहेत की नाहीत हेही पाहावे लागते. अंधार पडून तासभर झाल्यावर, मोठी वटवाघळे बाहेर गेली असताना, माळ्याच्या आतल्या बाजूने कान द्यावा. आतून सतत, बारीक, एकसुरी चिवचिव येत असेल तर पिल्ले आत आहेत. मंद उजेडात क्षणभर पाहिले तर उघड्या करड्या-गुलाबी जिवांचा घोळका दिसतो. काही लहान जातींत वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा वीण होते, त्यामुळे कार्तिक-मार्गशीर्षातही ही तपासणी टाळता येत नाही. पिल्ले आढळली तर काम थांबवावे आणि महिन्या-दीड महिन्याने पुन्हा पाहावे.

एकमार्गी झडप

योग्य काळ म्हणजे साधारण ऑक्टोबरअखेर ते जानेवारी. पाऊस नसलेले दिवस निवडावेत, कारण जोराच्या पावसाच्या रात्री वटवाघळे सहसा बाहेर पडत नाहीत. मुख्य वाट कोणती ते ठरले की बाकीच्या सगळ्या लहान फटी प्रथम बुजवाव्यात आणि ही एक वाट उघडी ठेवावी. तिच्यावर खिडकीला लावतात तशी, ज्वारीच्या दाण्याहून बारीक छिद्रांची प्लॅस्टिकची जाळी पडद्यासारखी बसवावी. जाळीची वरची कड फटीच्या वर चार बोटे ठोकावी, दोन्ही बाजू पट्टीने घट्ट कराव्यात, आणि खालची बाजू फटीच्या खाली दीड-दोन फूट मोकळी सोडावी. वटवाघूळ फटीतून बाहेर येते, जाळीमागून भिंतीला धरून खाली सरकते आणि मोकळ्या टोकातून उडून जाते. परतताना मात्र ते वासाच्या मागाने थेट फटीसमोर, म्हणजे जाळीच्या वरच्या भागावर येऊन आदळते आणि खालून शिरण्याची वाट त्याला सापडत नाही. दुसरी रीत म्हणजे दोन इंची गुळगुळीत पीव्हीसी नळीचा वीतभर तुकडा फटीत बसवून त्याची तोटी खाली झुकती ठेवणे. वटवाघूळ नळीतून घसरत बाहेर पडते, पण तिच्या गुळगुळीत भिंतीवर नखे रुतत नसल्यामुळे ते परत चढू शकत नाही. कोनात किंवा आढ्याच्या टोकाला जिथे जाळी नीट चिकटत नाही तिथे नळी अधिक सोयीची ठरते.

झडप निदान आठवडाभर तशीच ठेवावी. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची रात्र गार असते. अशा थंडीत वटवाघळे अंग गार करून सुस्त पडून राहतात आणि कधी कधी रात्रभर बाहेर पडतच नाहीत, म्हणून थंडीच्या दिवसांत दहा-बारा दिवस थांबणे बरे. शेवटच्या दोन संध्याकाळी पुन्हा अंगणात उभे राहून एकही वटवाघूळ निघत नाही याची खात्री करावी आणि मगच वाट बुजवावी. बुजवताना आढ्यावर चुना-सिमेंटचा माल, लाकूड आणि भिंत यांच्यामध्ये गंज न लागणारी बारीक जाळी, आणि हवेच्या झरोक्यांवर जाळीची चौकट वापरावी. सगळे छप्पर सिमेंटने लिंपून टाकण्याचा मोह होतो, पण खानापूरच्या ओल्या हवेत माळ्याचा वारा कोंडला तर चार-सहा पावसाळ्यांत वासे कुजू लागतात, आणि वटवाघळांनी केले नसते तेवढे नुकसान बुरशी करते.

माळा वापरात नसेल, खालच्या खोलीत वास येत नसेल आणि संख्या थोडी असेल, तर ती काढूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. फळ्यांच्या सांध्यांवर प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरला की लेंड्या खाली पडत नाहीत. त्या वर्षातून एकदा गोळा करून, ओल्या करून, कंपोस्टच्या खड्ड्यात घालाव्यात, कारण नत्र आणि स्फुरद यांच्या दृष्टीने ते उत्तम खत असते. एक लहान वटवाघूळ पिल्लाला पाजत असताना रात्रीत आपल्या वजनाच्या निम्म्याहून अधिक किडे खाते आणि त्यांत डासांबरोबर पिकांवरचे पतंगही असतात. खानापूरच्या भातवाल्याला किंवा चिकोडीच्या ऊसवाल्याला हा हिशेब समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये.

न चालणारे उपाय

आवाजाची यंत्रे वटवाघळांना घालवतात असे सिद्ध झालेले नाही. ती घरमालकाला मात्र काही महिने समाधान देतात. डांबरगोळ्यांतले नॅफ्थालीन माळ्यावरून खालच्या खोलीत झिरपते आणि लहान मुलांना त्याचा त्रास होतो. वटवाघळे त्या वासाने काही रात्री हलतात आणि वास उडाला की परततात. धूर केला तर ती घाबरून घरातच घुसतात, आणि सागवानी वाशांच्या घरात धूर करणे ही वेगळीच आपत्ती आहे. कीटकनाशकाची भुकटी वटवाघळांना हळूहळू मारते, मेलेली आणि अर्धमेली वटवाघळे मांजरांच्या आणि मुलांच्या हाती लागतात, आणि भुकटी माळ्यावर वर्षानुवर्षे राहते. चिकट सापळ्याबद्दल बोलूही नये, कारण त्यावर अडकलेला जीव सोडवणे जवळजवळ अशक्य असते. माळ्यावर रात्रंदिवस दिवा लावून ठेवण्याचा उपाय कधी कधी चालतो, पण पिल्ले असताना तो तितकाच घातक असतो आणि पिल्ले नसताना झडप अधिक खात्रीची असते.

पोर्चमध्ये सकाळी घाण पडते

ही तक्रार टिळकवाडीसारख्या बंगल्यांच्या भागात अधिक असते आणि तिचे कारण वेगळे आहे. पोर्चच्या भिंतीवर ओघळ, खाली देशी बदामाच्या कुरतडलेल्या बिया, पेरूचे दाणे आणि चघळून थुंकलेल्या चोथ्याच्या गोळ्या दिसल्या, तर तिथे वटवाघूळ राहत नाही, रात्री जेवायला बसते. लहान नाकाचे फलाहारी वटवाघूळ फळ झाडावर खात नाही. ते तोडून जवळच्या सुरक्षित, आडोशाच्या जागी नेते, तिथे लटकून रस शोषते आणि चोथा टाकून देते. दिवसा ते ताडाच्या झावळ्यांत, किंवा आसुपालवाच्या दाट पानांत असते. याउलट फरशीवर बेडकाचे पाय, पालीची शेपटी, मोठ्या नाकतोड्यांचे आणि पतंगांचे तुटलेले पंख सापडले तर ते मोठ्या कानांचे मांसाहारी वटवाघूळ समजावे. त्याला इंग्रजी नावात व्हॅम्पायर म्हटले असले तरी ते रक्तपिपासू नाही, खरी रक्तपिपासू वटवाघळे फक्त अमेरिका खंडात आहेत. मोठ्या कानांच्या या वटवाघळामुळे पोर्चमधली झुरळे आणि उंदरांची पिल्लेही कमी होतात, हा त्याचा फायदा लोक विसरतात.

या दोन्ही ठिकाणी फट नसतेच, त्यामुळे बुजवण्यासारखे काही नसते. लटकण्याची जागा नेमकी कोणती ते छतावरच्या डागांवरून कळते. बहुधा ती खडबडीत गिलाव्याची, पंख्याच्या आकड्याची किंवा तुळईच्या कोपऱ्याची असते. त्या जागी गुळगुळीत पत्रा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा चिकटवला, आकड्याला टोपण घातले, आणि खाली हलणाऱ्या चार-सहा पट्ट्या काही आठवडे लटकवल्या की ते दुसरीकडे जाते. जवळच्या झाडावर फळे आहेत तोवर त्रास जास्त असतो आणि बहर सरला की आपोआप कमी होतो. फळबाग असेल तर नायलॉनची पातळ, सैल जाळी टाकू नये. तिच्यात वटवाघळांबरोबर घुबडे आणि सापही अडकून मरतात. जाळी पांढरी, घट्ट ताणलेली आणि तिच्या छिद्रातून करंगळीही जाणार नाही इतकी बारीक हवी.

झाडावरची मोठी वटवाघळे आणि कायदा

वड, चिंच, निलगिरीच्या झाडावर दिवसभर उलटी लटकणारी, पंख पसरल्यावर चार फुटांहून रुंद होणारी मोठी वटवाघळे घरात कधीच शिरत नाहीत. त्यांच्याविषयीची तक्रार घाण, वास, कलकल आणि अपशकुन या चार शब्दांत येते आणि झाड तोडण्याच्या मागणीवर थांबते. शहरात झाड तोडायला कर्नाटकाच्या १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, हे अर्जदाराला बहुधा माहीत नसते. दुसरी गोष्ट म्हणजे फलाहारी वटवाघळांना पूर्वीच्या वन्यजीव कायद्यात उंदीर आणि कावळ्यांच्या रांगेत उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत टाकले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली आणि ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. जुन्या कायद्याचा दाखला देऊन हात वर करणारा अधिकारी भेटला तर हे शांतपणे सांगावे. फटाके लावून किंवा डबे वाजवून थवा उठवला तर तो गावातल्या दुसऱ्या झाडावर बसतो आणि भांडण फक्त शेजाऱ्याच्या दारात जाते. फेब्रुवारी ते मे या काळात पिल्ले आयांच्या पोटाला चिकटलेली असतात आणि घाबरून उडताना खाली पडतात. झाडाखाली बाक, वाहनतळ किंवा भाजीचा गाडा असेल तर तो हलवणे आणि घाण पडणाऱ्या पट्ट्यात मातीची मोकळी जागा ठेवणे एवढ्याने अर्धी तक्रार संपते. झाड जुन्या वडाचे असेल तर त्याखाली उगवणारी उंबर-जांभळाची रोपे वटवाघळांनीच पेरलेली असतात. काटेसावर आणि मोहाच्या फुलांचे परागीभवनही रात्री याच मंडळींकडून बरेच होते.

या जिल्ह्याला वटवाघळांबाबत एक जबाबदारी अशीही आहे जी दुसऱ्या फार थोड्या जिल्ह्यांना आहे. खानापूर तालुक्यात तळेवाडी-कृष्णापूरच्या जंगलात बारापेडे नावाच्या गुहा आहेत. १९१२ साली निसर्ग-अभ्यासक एस. एच. प्रेटर यांनी तिथे एक मोठ्या कानांचे, मोकळ्या शेपटीचे वटवाघूळ मिळवले, आणि १९१३ साली ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफील्ड थॉमस यांनी वनाधिकारी रॉटन यांच्या नावाने त्याचे नामकरण केले. कितीतरी दशके ही जात जगात या एकाच ठिकाणाहून माहीत होती. नंतर ती मेघालयात आणि कंबोडियातही आढळली. तिला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, आणि गुहा ज्या भीमगड परिसरात आहेत तो २०११ साली अभयारण्य घोषित झाला. तिथे हौसेने टॉर्च घेऊन जाणाऱ्यांना एवढेच सांगणे की गुहेत विनापरवाना जाणे गुन्हा आहे, आणि परवानगी असली तरी उजेड आणि गोंगाटाने उठलेल्या माद्या पिल्ले टाकून उडतात.

आजाराची भीती आणि खबरदारी

भीती निराधार नाही, पण ती चुकीच्या जागी वापरली जाते. केरळात कोळिकोडजवळ २०१८ साली निपाह या वटवाघळांतून माणसांत येणाऱ्या विषाणूची साथ आली, आणि महाबळेश्वरच्या एका गुहेतून २०२० साली घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत निपाहचा माग पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूशास्त्र संस्थेला लागला. महाबळेश्वर आपल्यापासून फार दूर नाही. त्यावरचा उपाय वटवाघळे मारणे हा नाही. झाडाखाली पडलेले कुरतडलेले फळ खायचे नाही, मुलांना खाऊ द्यायचे नाही, आणि फळे धुऊन, सोलून खायची, यावर भर द्यावा. वटवाघूळ उघड्या हाताने कधीही धरू नये. चावले किंवा ओरखडले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात जावे. ओरखडा बारीक आहे म्हणून थांबू नये. जुन्या लेंड्यांच्या थरात हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी वाढू शकते आणि तिची धूळ फुप्फुसात गेली तर आजार होतो. म्हणून माळा साफ करताना आधी पाणी शिंपडून थर ओला करावा, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालावेत, आणि कोरडा झाडू मुळीच वापरू नये. आज्जी सांगतात ते केसांत अडकणे मात्र खरे नाही. अंधारात तारेएवढी वस्तू चुकवणारा प्राणी डोक्याला चुकवतोच.

खोलीत आले तर, पिल्लू खाली पडले तर

घरात वटवाघूळ फिरू लागले की पहिले काम छताचा पंखा बंद करण्याचे, कारण मृत्यू बहुधा पंख्याच्या पात्याने होतो. आतले दार लावून घ्यावे, बाहेरच्या खिडक्या पूर्ण उघडाव्यात, दिवे मालवावेत आणि सगळ्यांनी खोलीबाहेर जावे. दहा-पंधरा मिनिटांत ते स्वतःच निघून जाते. झाडूने मारायला गेलेल्याने त्याला कोपऱ्यात कोंडले की मग दिवसभराचा घोळ होतो. सकाळी भिंतीवर बसलेले आढळले तर त्यावर डबा उपडा ठेवावा, खालून पुठ्ठा सरकवावा, डबा सावलीत ठेवावा आणि दिवेलागणीला झाडाच्या बुंध्यावर छातीहून उंच जागी सोडावे. जमिनीवरून उडणे अनेक वटवाघळांना जड जाते.

केस न आलेले पिल्लू सापडले तर त्याला दूध किंवा पाणी पाजू नये. गाईचे दूध त्याला मानवत नाही आणि पाणी श्वासात जाते. मऊ कापड घातलेल्या खोक्यात ठेवून वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. इकडच्या कार्यालयांत बोलणी कन्नडमध्ये होतात, तेव्हा ‘बावली’ असे सांगितले तर लगेच कळते. जाळीत किंवा तारेत अडकलेले असेल तर जाळी कापावी, वटवाघूळ ओढू नये. पंखाचे पातळ पडदे फाटले तर ते भरून येतात, पण बोटांची हाडे मोडली तर त्याचे उडणे संपते.

फटी बुजवल्यावर पर्यायी घर द्यायचे असेल तर खडबडीत फळ्यांची, आत दोन सेंटिमीटरची अरुंद फट असलेली, खाली उघडी पेटी भिंतीवर किंवा खांबावर बारा-पंधरा फूट उंचीवर बसवता येते. तिला सकाळचे ऊन मिळावे आणि दुपारचे टळावे, नाहीतर मे महिन्यात ती भट्टी होते. लाकडाला रंग किंवा वार्निश देऊ नये. पेटी एक-दोन हंगाम रिकामी राहील, त्यावरून ती निकामी ठरवू नये. त्या काळात घराच्या भिंतीवरून नजर हटवायची नाही. चैत्र लागला की दोन-तीन संध्याकाळी पुन्हा अंगणात उभे राहावे. नवी वाट सापडलीच, तर वैशाखात शाकारणीच्या वेळी ती जागा खडूने खूण करून तशीच सोडावी, त्यावरचे कौल नीट बसवून घ्यावे म्हणजे पाऊस आत येणार नाही, आणि जाळी-सिमेंट दिवाळीनंतरच्या यादीत लिहून ठेवावे.